कानापाशी सोडलेली फट

१

सकाळी दुकान शिल्पा उघडते. शटर ती अर्ध्यावर उचलते, पुढचं अर्धं मी. ती म्हणते, "आबा, खांदा दुखेल." मी म्हणतो, "हात लागला की बरं वाटतं." मग मी काउंटर पुसतो, पाण्याचा जार आत ओढतो आणि खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसतो.

पाचोऱ्यात स्टेशन रोडला आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची कार्डं, घरांच्या पाट्या अशी कामं येतात. पूर्वी पाट्या मी ब्रशने रंगवायचो. सुपडू पेंटर म्हटलं की भडगावपर्यंत लोक ओळखायचे. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत. मी कागदावर पेन्सिलीने काढतो आणि माझी सून शिल्पा त्याचा फोटो घेऊन कॉम्प्युटरवर त्याच्यावरून रेघा ओढते.

या उन्हाळ्यात आम्ही भाड्याचं घर सोडून स्वतःच्या घरात राहायला आलो. दारावर पाटी हवी होती. शिल्पा म्हणाली, "नावं सगळेच लिहितात. आपण आकृत्या करू. पाच जण, हात धरून उभे."

पाच म्हणजे मी, माझी बायको द्रौपदा, मुलगा जीवन, शिल्पा आणि नात संघमित्रा, म्हणजे आमची मितू. द्रौपदाला जाऊन दोन वर्षं होत आली. तिला घ्यायचं की नाही, असं शिल्पाने विचारलं नाही. तिने सरळ पाच म्हटलं. मला ते फार बरं वाटलं. नवं घर द्रौपदाने पाहिलंच नव्हतं.

"आजीची आकृती लाकडातून आरपार कापू," शिल्पा म्हणाली. "मागे बल्ब लावला की ती उजेडाची दिसेल. आपल्या नुसत्या रेघा कोरायच्या."

मी काढायला बसलो. मितूला आजीच्या शेजारी उभं केलं. ती असायचीच तिथे.

मी धुळ्याला बन्सीलाल पेंटरच्या हाताखाली शिकलो. ते म्हणायचे, "जित्ता माणूसनी रेघ बठ्ठी बंद करानी नही, भो. कानपाशी वाट ठेव." जिवंत माणसाची आकृती काढली की कानापाशी केसाएवढी फट सोडायची. हाक आत जायला. गेलेल्या माणसाची रेघ मात्र मिटवायची. का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. द्रौपदा तर फार कडक होती. पण हाताला सवय लागली ती लागली. चौघांच्या कानापाशी मी फट सोडली. द्रौपदाची रेघ मिटवली. ती मिटवताना हात थोडा थांबला, एवढंच.

२

लाकूड कापायचं यंत्र जळगावला रतिलालकडे आहे. आरपार कापायची ती आजीची आकृती काळ्या रंगाने भरून शिल्पाने फाइल पाठवली आणि दुपारी त्याचा फोन आला. शिल्पाच्या हाताला शाई होती म्हणून तिने फोन काउंटरवर स्पीकरवर ठेवला.

"ताई, काळी भरलेली तीच आरपार कापायची ना?"

"हो."

"मग छोटी पोरगी कापू?"

"पोरगी नाही, रतिलालभाऊ. आजी. आजी काळी आहे."

"अहो, समोर बघतोय मी. पोरगी काळी आहे. चष्मा परवाच बदललाय."

"मग परत देऊन या तो."

रतिलाल हसला. शिल्पा हसली. तिच्या कॉम्प्युटरवर द्रौपदाच काळी होती. मीही वाकून पाहिलं.

"असं होतं कधीकधी," फोन ठेवून ती मला म्हणाली. "आबा, यात चित्र नसतंच. फोटोत ठिपके असतात तसं नाही. नुसतं सांगणं असतं. इथून निघ, तिथे वळ, तिथे थांब, आत काळं भर. जो उघडेल तो हे ऐकतो आणि आपल्या परीने काढतो."

"मग एक जण वेगळं ऐकतो?"

"हो. माझा कॉम्प्युटर रेघ मिटलेली असेल तरच आत रंग भरतो. दुसरीकडे उघड्या रेघेतही भरतात." ती बोलता बोलता थांबली. "पण मग तिकडे एकतर एकटी आजी काळी दिसेल, नाहीतर पाचही जण. एकटी मितू दिसायचं काही कारण नाही."

तिने पुन्हा फाइल पाठवली. बाहेर केळीचा ट्रक मागे घेत होते, त्याचा भोंगा बराच वेळ वाजत राहिला.

रतिलालचा निरोप आला. पोरगीच.

३

शिल्पा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की जेवण विसरते. तिने फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडली. मितू काळी. मग माझ्या मोबाइलवर उघडली. तिथेही मितू काळी. शेजारी तेजसचं मोबाइलचं दुकान आहे, त्याचा लॅपटॉप आणला.

"वहिनी, व्हायरस असेल," तेजस म्हणाला.

"व्हायरस काय पोरगी बघून रंग भरतो का रे?"

"आजकाल काही सांगता येत नाही," असं म्हणत तो चहा प्यायला निघून गेला.

लॅपटॉपवरही तेच. शिल्पाने चित्र मोठं केलं. द्रौपदाचा चेहरा पडद्यावर पसरला. नुसती रेघ होती ती, नाक नाही, डोळे नाहीत. शिल्पा रेघेवरून हळूहळू गेली. खांदा, मान, हनुवटी. कानापाशी रेघ तुटली होती. केसाएवढी फट.

मग तिने मितूची रेघ मोठी केली. ती कानापाशी मिटलेली होती.

"आबा, सवयीने आजीला फट सोडलीत तुम्ही," शिल्पा म्हणाली. "आणि मितूची विसरलात."

"नाही, बाई."

"होतं असं. मी कुठे रागावतेय?"

मी माझा कागद काढला आणि भिंगाखाली धरला. द्रौपदाची रेघ मिटलेली होती. मितूची उघडी. शिल्पाने बराच वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवलं आणि पदराने मान पुसली.

मितू टेबलाखाली बसून रद्दीच्या पत्रिकांची घरं करत होती. सुट्टीत ती दुकानातच असते. माझ्या खिशात लिमलेटची गोळी होती.

"मितू, गोळी घे."

तिने पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्याने. ती एक पत्रिका दुसरीवर टेकवत राहिली. मी वाकून तिच्या खांद्याला हात लावला तशी ती दचकली.

"आबा, तुम्ही नुसते ओठ का हलवताय?" ती म्हणाली.

४

आमच्या वस्तीत घरं अजून थोडी आहेत. दोन्ही बाजूंचे प्लॉट मोकळे, तिथे बाभळी आणि विटांचे ढीग. दुपारी बारानंतर बाहेर चिटपाखरू नसतं. भिंतींना नव्या रंगाचा वास आहे. खोल्या रिकाम्या असल्यामुळे बादली सरकवली तरी आवाज घरभर फिरतो.

त्या दिवशी शिल्पाने मला आणि मितूला घरी पाठवलं. मी पंखा लावून पडलो. मितू जमिनीवर चित्र काढत होती. तिच्याशी बोलायचं तर तिच्यासमोर तोंड न्यावं लागत होतं. मी स्वतःला सांगत होतो, कानात मळ असेल, विहिरीवर पोहायला गेली होती, पाणी गेलं असेल.

तेवढ्यात स्वयंपाकघरात आवाज झाला. टक् टक्.

पळी पातेल्याच्या काठावर आपटल्याचा. दोनदा, मध्ये एक श्वास घेण्याएवढा वेळ.

द्रौपदा वरण ढवळून झालं की पळी अशी आपटायची. तोंडाने जेवायला कधी बोलवायची नाही. ती टक् टक् म्हणजेच हाक. जीवन लहानपणी गल्लीच्या टोकावरून ती ऐकून पळत यायचा.

मी मनात म्हटलं, शेजाऱ्यांकडे असेल. मग आठवलं, शेजार नाही. म्हटलं, नळ ठिबकत असेल. उठून पाहिलं. नळ कोरडा होता. ओट्यावर पातेलं पालथं, पळी खिळ्याला.

मागे वळलो तर मितू दारात उभी होती. पाय जुळवलेले, डावा हात थोडा बाजूला, कोणीतरी धरल्यासारखा. मी तिला चित्रात तशीच उभी केली होती.

"आले," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही.

मी खाली बसून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. "कोणाला म्हणालीस?"

ती माझे ओठ वाचत होती. "आजी बोलावतेय ना जेवायला," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू नाही येत?"

मला येत होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

५

पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. कान स्वच्छ आहेत म्हणाले, जळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. जीवन ट्रक चालवतो, तेव्हा तो केळी घेऊन राजस्थानात कुठेतरी होता. त्याचा फोन आला. मितूने फोन कानाला लावला आणि परत माझ्या हातात दिला.

"बंद आहे," ती म्हणाली.

आत जीवन बोलत होता. "मितू? ए माकडे, बोल ना. रुसलीस काय? आबा, काय झालं हिला?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू सावकाश चालव."

शिल्पाने त्या दिवसांत दुसरं काम हातात घेतलं नाही. पाटीची फाइल फेकून दिली. माझा कागद पुन्हा समोर घेऊन सगळ्या रेघा नव्याने ओढल्या. स्वतःच्या हाताने मितूच्या कानापाशी फट सोडली. आजीची मिटवली. मोबाइलवर उघडली आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. तिथे मितूच काळी होती.

मग तिने फाइलचं पोट उघडलं. रेघा नव्हत्या, नुसते आकडे, ओळीच्या ओळी. ती बोट ठेवून वाचत गेली.

"इथे बरोबर लिहिलंय, आबा. मितूला फट आहे. सगळ्यांना एकच सांगितलंय. ऐकणारे दुसरंच ऐकतायत." तिने पडद्यावरून बोट काढलं. "एवढे सगळे एकसारखं ऐकतात आणि मी एकटी वेगळं. मग चुकीचं कोण ऐकतंय?"

"तू नाही, बाई."

तिने आपल्या कॉम्प्युटरवर फाइल पुन्हा उघडली. आम्ही दोघं बघत होतो. द्रौपदा आधी काळी दिसली. मग कोणी फुंकर मारून दिवा घालवावा तसा तिच्यातला काळा रंग गेला. मितू काळी झाली.

शिल्पाने रतिलालला फोन लावला. "भाऊ, कापू नका. काहीच कापू नका."

"ताई, ते तर सकाळीच कापलं," रतिलाल म्हणाला. "घाई आहे म्हणालात ना? जसं दिसलं तसं कापलं. फक्त एक झालंय. पोरीचा तुकडा सापडत नाहीये."

६

जळगावच्या डॉक्टरांनी मितूला यंत्रासमोर बसवून तपासलं. पडदा चांगला आहे, नस चांगली आहे. मग ऐकत का नाही, ते त्यांना सांगता आलं नाही. थेंब लिहून दिले. शिल्पा औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिली. ऊन फार होतं. रतिलालचं वर्कशॉप त्याच गल्लीत, म्हणून मी मितूला घेऊन तिथे सावलीला गेलो. मला ती पाटी बघायची होती, हेही खरं.

पत्र्याचं छत, जळक्या लाकडाचा वास. रतिलाल यंत्राखालचा ट्रे उपसत होता. चांगला माणूस आहे. मितूला पाहून त्याने तिला स्टूल दिलं.

"आबा, तुकडा जाईल कुठे?" तो म्हणाला. "खाली ट्रे आहे, ट्रेखाली फरशी. उंदीर नेईल तर एवढा मोठा?"

पाटी पिवळ्या भिंतीला टेकवून ठेवली होती. चौघांच्या रेघा बारीक कोरलेल्या. मध्ये मितूच्या आकृतीएवढं भोक. मितूच्या आकाराचं.

मागे पिवळी भिंत होती. भोकातून पिवळंच दिसायला हवं होतं.

मला हिरवं दिसलं. मी चष्मा पुसला. आमच्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघराची भिंत हिरवी होती. तो रंग मी स्वतः घोटला होता, थोडा उरलेला निळा घालून, तसा दुसरीकडे मिळायचा नाही. तोच रंग. त्यावर चुलीच्या बाजूला धुराचा डाग. आणि डागाच्या अलीकडे, मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक मनगट. काचेच्या दोन बांगड्या आणि एक लाखेची.

टक् टक्.

मितू स्टूलवरून उतरली. "आले," ती म्हणाली आणि पाटीकडे चालू लागली. मी हाक मारली. हाक तिच्यात जात नव्हती. मी तिचा दंड धरला तेव्हा तिने वळून पाहिलं, पण परक्या माणसाकडे बघावं तसं.

त्या क्षणी मला काय सुचलं, ते माझ्या नावाने सुचलं. माझ्याआधीची माझी भावंडं जगली नव्हती. मी झालो तेव्हा आईने मला सुपात घालून उकिरड्यापाशी टाकलं. शेजारीण आली, म्हणाली, हे कोणाचं टाकलेलं? आणि उचलून आईला देऊन गेली. टाकलेल्या पोराला कोणी न्यायला येत नाही. म्हणून मी सुपडू. जीवन झाला तेव्हा कोणीतरी सूप आणलं होतं. द्रौपदाने ते दारातून परत पाठवलं. म्हणाली, माझं लेकरू काही टाकलेलं नाही, त्याचं नाव जीवन. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

आणि आता मी तिच्याच डोळ्यांदेखत तिची नात उचलून भंगाराच्या खोक्यात ठेवली. लाकडाच्या चिपाट्यांवर.

"रतिलाल," मी म्हटलं, "तुझ्या दारात हे काय टाकलंय बघ."

तो हातात ट्रे घेऊन उभा होता. माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. तो आमच्याच भागातला, कासोद्याकडचा. त्याच्या आईकडून त्याने हे ऐकलेलं असणार. त्याने ट्रे खाली ठेवला.

"हे... हे कोणाचं टाकलेलं?"

"माहीत नाही बुवा. कोणाचंच नाही. सुपडी म्हणतात तिला."

त्याने तिला उचलून माझ्याकडे दिलं. "घ्या," तो म्हणाला. "तुम्हीच सांभाळा."

"सुपडी," मी तिच्या कानात म्हटलं.

ती हसली. "असं काय नाव, आबा? आणि ओरडताय कशाला?"

मी पाटीकडे पाठ करून उभा होतो. मागून पुन्हा आवाज आला. टक्. एकदाच. मग काही नाही. द्रौपदा असं फार थकली की करायची. कोणी जेवायला उठलं नाही की.

मला तिची दया आली. काय करणार? नवं घर तिने पाहिलेलं नाही, आम्ही सगळे उठून निघून आलो आणि तिने एकटीने वरण ढवळलं.

"मितू इथे नाही, द्रौपदा," मी हळूच म्हटलं. "तू वाढून घे. मी येतो."

वळून पाहिलं तेव्हा भोकातून पिवळी भिंत दिसत होती.

"आबा, तुम्ही कोणाशी बोललात?" रतिलालने विचारलं.

"तुला काही दिसलं?"

"मी खोक्याकडे बघत होतो," तो म्हणाला. पण ती पाटी त्याने आमच्याबरोबर दिली नाही आणि आपल्याकडेही ठेवली नाही.

७

मितू बरी आहे. शिल्पा म्हणते थेंबांनी गुण आला. घरात आम्ही तिला सुपडी म्हणतो. शिल्पाला आवडत नाही, पण ती कारण विचारत नाही. जीवन आला तेव्हा त्याने मितू अशी हाक मारली. तिने ओ दिली, पण त्याआधी क्षणभर स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारावर आता साधी पाटी आहे, नावांची. नातीचं नाव तिच्यावर नाही. शाळा सुरू झाली, वही-पुस्तकांवर तेवढं संघमित्रा आहे.

ती फाइल शिल्पाने ठेवलीय. मागच्या आठवड्यात तिने ती सगळीकडे उघडून पाहिली. मोबाइलवर, तेजसच्या लॅपटॉपवर, स्वतःकडे. आता सगळीकडे एकसारखीच दिसते. मितूची रेघ उघडी आहे. द्रौपदाच्या कानापाशीही फट आहेच, ती मी मिटवू दिली नाही. शिल्पाने पडदा माझ्याकडे वळवला आणि पहिल्या आकृतीवर बोट ठेवलं. हातात काठी असलेला म्हातारा, म्हणजे मी, काळा भरलेला. शिल्पाचे डोळे भरून आले होते.

ती काहीतरी म्हणाली. मला वाटतं, मी नीट करते आबा, असं म्हणाली असावी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राहू दे म्हटलं. माझा आवाज मलाच आला नाही.

आता ट्रकचा भोंगा येत नाही. शटर वर जातं ते नुसतं दिसतं. शिल्पा समोर उभी राहून हळूहळू ओठ हलवते, सुपडी माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते. तिची अक्षरं छान आहेत. तिला मी सांगितलंय की मला काहीच ऐकू येत नाही, म्हणजे आजीची हाक येते का, असं ती विचारायची नाही.

आत्ता दुपार आहे. शिल्पा दुकानात गेलीय, सुपडी शाळेत. स्वयंपाकघरात पातेलं पालथं आहे, पळी खिळ्याला आहे.

पहिल्यांदा वाजली तेव्हा मी म्हटलं, एवढं लिहून होऊ दे. आता पुन्हा वाजली.